आधी हात, मग पाय

शिडी

पिंपळी ओलांडली की बारामती-इंदापूर रस्त्याला लागून साहेबरावचं वर्कशॉप. पुढं पत्र्याची शेड, मागं घर, मध्ये लिंब. शेडबाहेर दोन उसाच्या ट्रॉल्या, तांबडा रंग मारून उभ्या. मागच्या उन्हाळ्यातही त्या तिथंच होत्या.

ऊस तोडायला मशिनं आली, टोळ्या कमी झाल्या, उसाच्या टायरगाड्या कुणी विचारीना. एरवी मे महिन्यात या आवारात पाय ठेवायला जागा नसायची. कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत प्रत्येकाला आपली गाडी हवी असायची. या मे महिन्यात जोतीराम फिटर काटेवाडीहून मोटारसायकलवर यायचा, ग्राइंडरवरची धूळ फुंकायचा आणि लिंबाखाली बसून तंबाखू मळायचा. साहेबराव त्याला घरी जा म्हणायचा नाही. जोतीरामही काही विचारायचा नाही.

मग प्रियदर्शनीचा फोन आला.

साहेबरावची थोरली. बारामतीत नर्सिंग शिकली, पुण्यात नोकरी केली, आता आफ्रिकेत, मलावी नावाच्या देशात. तिची संस्था तिथल्या नदीकाठच्या खेड्यांत छोटे दवाखाने बांधते, गरिबांना आणि म्हाताऱ्यांना परवडतील असे. विटांचे बांधले ते पुरात बसले. आता लोखंडी सांगाडा हवा होता. जमिनीपासून उचललेला, सगळा नट-बोल्टवर, बोटीनं, पुढं ट्रकनं न्यायचा आणि तिकडं जोडायचा. नमुना पसंत पडला तर पुढचे सगळे दवाखाने पिंपळीत बनणार होते. नाही पडला, तर दुसरं कुणीतरी बनवणार होतं.

अट तिनं एकच घातली. तीच पुन्हा पुन्हा सांगितली.

"अण्णा, म्हातारं माणूस कुणाचा हात न धरता आत गेलं पाहिजे. एकटं. त्याचा व्हिडिओ मला पाठवायचा. हितं तोच बघणार हायत, बाकी काय न्हाय."

ग्राइंडर सुरू झाला. चॅनलचे पाय, छपराला अँगलच्या कैच्या, खाली जाड पत्रा, वर पत्रा. साहेबरावचा मुलगा रविंद्र लॅपटॉपवर आकृती काढायचा, साहेबराव खडूनं जमिनीवर तीच काढायचा आणि जोतीराम दोन्हींकडं न बघता कापायचा. वेल्डिंगच्या उजेडानं जोतीरामच्या गळ्याची कातडी सोलून निघाली. साहेबरावच्या मनगटावर नवे डाग, जुन्या डागांवर. संध्याकाळी दोघं डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून बाजेवर पडायचे आणि कौसल्या, साहेबरावची बायको, म्हणायची की निदान भाजीला तरी बटाटे ठेवा.

दवाखान्याची जमीन किती उंच? पुराच्या पाण्याच्या वर, एवढंच प्रियानं सांगितलेलं. साहेबरावनं हाताला सवयीचं होतं ते माप घेतलं. ट्रॉलीचं. आणि ट्रॉलीला मागं असते तशी शिडी लावली. उभी, तीन दांड्यांची.

सांगाडा आवारात उभा राहिला. चार भिंती, दोन खिडक्या, एक दार. जोतीराम दोन ढांगांत वर गेला, दारात उभा राहून कमरेवर हात ठेवून म्हणाला, "या, कोण कोण आजारी हाय?"

साहेबराव घराकडं वळला. ओसरीवर त्याची आई रंगुबाई लसूण सोलत बसली होती. कमरेत वाकलेली, गुडघ्यांतून बाहेर गेलेली. पदरात लसणाची टरफलं.

"आई, जरा चढून बघ की."

रंगुबाईनं शिडीकडं बघितलं. वरच्या दारातल्या जोतीरामकडं बघितलं. मग पुन्हा शिडीकडं.

"मी काय ऊस हाय का?" ती म्हणाली. "मोळी बांधा न् द्या फेकून वर."

आणि लसूण सोलायला लागली.


उचललेली

दोन वर्षांपूर्वी तिला भोवळ आली होती. गावात, समाजमंदिरापुढं. रविंद्रनं जीपमधून दवाखान्यात नेलं. मोठा दवाखाना, मोठ्या पायऱ्या. स्ट्रेचर वरच्या मजल्यावर होतं. दोन पोरांनी तिला धरलं, एकानं बगलेत, एकानं पायांना. आणि उचललं. लुगडं मांडीपर्यंत सरकलं. पायऱ्यांवर माणसं बसली होती. त्यांतल्या एका बाईनं तोंड फिरवलं, आणि ते फिरवलेलं तोंड रंगुबाईला दिसलं.

त्यानंतर ती कुठल्याच दवाखान्याची पायरी चढली नाही. चक्कर आली की भिंत धरून बसायची. कौसल्या मेडिकलवाल्याला विचारून गोळी आणायची, कधी पांढरी, कधी गुलाबी. दोन्ही खाऊन डोकं दुखायचं राहायचं नाही.

घरात हे कुणी बोलत नव्हतं. तिनं त्या दिवशीचं लुगडं पुन्हा नेसलं नव्हतं, एवढंच कौसल्याला माहीत होतं, आणि फोनवर तिनं ते प्रियाला सांगितलेलं.


उतार

शिडी कापली. ग्राइंडरनं, एका दुपारी.

तिच्या जागी उतार. टेंपोत जनावरं चढवायला लावतात तसा, पण लांब. उंची तीच ठेवली तर उतार आवार ओलांडून रस्त्यावर जात होता. मग रविंद्रनं प्रियाकडून पुराच्या खुणेचं खरं माप मागवलं आणि कळलं की ट्रॉलीची उंची लागतच नव्हती. पाय कापले. चारही. कापताना जोतीराम पुटपुटत होता की माप विचारून मग वेल्डिंग करायचं असतं, हे आपल्याला आता म्हातारपणी कळलं. साहेबरावनं ऐकलं आणि कटर त्याच्या हातातून घेऊन उरलेले पाय स्वतः कापले.

घसरू नये म्हणून उतारावर आडव्या सळ्या. दोन्ही बाजूंना पाइपचा कठडा. रस्त्यानं जाणारे थांबायचे. एक म्हणाला, "सायेबराव, बैल आजारी हायत का?" साहेबरावनं वेल्डिंगची काच तोंडावर ओढली.

दुसऱ्या दिवशी रंगुबाई आली. बोलावल्यावर लगेच नाही, चहा पिऊन, तोंड पुसून. रविंद्रनं मोबाइल समोर धरला. उताराच्या पायथ्याशी तिनं चपला काढल्या. शेजारी शेजारी ठेवल्या. दवाखाना म्हटल्यावर चपला बाहेर, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

पाय पत्र्यावर टेकला आणि उचलला गेला.

मे महिना. बारा वाजलेले. पत्रा तव्यासारखा.

तिनं चपला घातल्या आणि परत गेली. जोतीराम म्हणाला, चपला घालूनच चढा की काकी. ती मागं वळली नाही.


साहेबराव: तितल्या म्हाताऱ्या पायात काय घालत्यात?

प्रिया: कोण घालतंय, कोण न्हाय. आणि ऊन आपल्यासारखंच, अण्णा.


वरचा पत्रा पुढं ओढला. उताराच्या टोकापर्यंत सावली आली. मग सळ्या काढल्या, कारण अनवाणी पायाला त्या टोचत होत्या, हे साहेबरावनं स्वतः अनवाणी चालून बघितलं. भंगारवाल्याकडून कारखान्याचा जुना रबरी पट्टा आणला, ज्यावरून ऊस गव्हाणीतून वर जायचा. अर्धा दिवस तो घासून धुतला तरी मळीचा वास गेला नाही. कापला, बोल्टनं बसवला. सावलीत त्यावर हात ठेवला तर हात निवला.

जोतीराम त्याच्यावर पालथा पडून झोपला. उठून म्हणाला की तो बरा झाला.


हात

तरी ती चढेना.

यायची. चपला काढायची. पाय पुढं, मग मागं. उजवा हात हवेत वर व्हायचा, काहीतरी शोधल्यासारखा, आणि खाली यायचा. रविंद्र म्हणायचा, "आजी, कठडा हाय की, धर." कठडा होता. ती त्याच्याकडं बघायची आणि परत फिरायची. रविंद्र वैतागला. बोटीची तारीख जवळ येत होती. कंटेनर सांगून ठेवलेला.

जोतीरामनं तोड काढली. शेजारच्या वस्तीवरची प्रयागबाई, रंगुबाईच्याच वयाची, तिला बोलावलं. प्रयागबाई खाली शेळ्या बांधून तरातरा वर गेली, आत एक फेरी मारली, खिडकीतून बाहेर थुंकली आणि खाली आली. व्हिडिओ छान आला. ऊन चांगलं होतं.

साहेबरावनं तो दोनदा बघितला.

"पाठवू?" रविंद्रनं विचारलं.

"ही अजून शेळ्यांमागं रान हिंडतीय," साहेबराव म्हणाला. "ही माळवदावर बी चढंल. राहू दे."

"अण्णा, म्हातारीच हाय की ती. कुणाला कळणार हाय?"

"जिला चढायचंय तिला कळंल."

त्या संध्याकाळी तो ओसरीच्या कोपऱ्यात बादली पालथी घालून बसला. काही काम नसल्यासारखा. रंगुबाई उठली, संडासाकडं निघाली. तो बघत राहिला. लहानपणी ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावरून चालायची आणि तो मागून तिच्या टाचा बघत यायचा. त्यानंतर तिच्या चालण्याकडं त्यानं कधी बघितलं नव्हतं.

हात भिंतीवर. पाय उचलला. हात भिंतीच्या कोपऱ्यावर. पाय. मग मोकळी जागा. ती थांबली, हात पुढं गेला, पाण्याच्या पिंपाच्या काठाला लागला, तेव्हा कुठं पाय उचलला. पिंपापासून लिंब. लिंबाच्या खोडावर एका जागी साल गुळगुळीत झालेली. ती जागा साहेबरावनं आजवर किती वेळा पाहिली असेल, गुरांनी घासली असेल असं धरून चाललेला.

आधी हात. मग पाय. प्रत्येक वेळी.

आणि त्याचा कठडा सुरू होत होता उतार सुरू होत होता तिथून. तिला तो त्याच्या आधी हवा होता. पाय उचलायच्या आधी.

तो उठून शेडमध्ये गेला. पाइप कापला, वाकवला, कठड्याचं टोक उताराच्या पुढं, जमिनीवर आणलं आणि खाली पुरलं. सकाळी रंगुबाईला बोलावलं नाही. ती आपणहून आली. चपला काढल्या. हात पुढं गेला आणि पाइपवर टेकला.

टेकला, पण बसला नाही. बोटं पाइपभोवती वळेनात. ट्रॉलीचा पाइप, जाड. तिची बोटं आयुष्यभर खुरपून वाकडी झालेली. ती एका मापापुरती वळत, त्यापुढं उघडतही नसत आणि मिटतही नसत.

साहेबराव तिच्या हाताजवळ उकिडवा बसला.

"केवढा पायजे?"

तिनं विचार केला. आजवर तिला असं कुणी विचारलं नव्हतं. तिनं मूठ अर्धी मिटून त्याच्यापुढं धरली. मधे पोकळी राहिली.

"खुरप्याची मूठ असती का," ती म्हणाली, "तेवढा."

जोतीराम खुरपं आणायला गेला. कौसल्याचं खुरपं, मुठीला बाभळीचं लाकूड. कॅलिपरनं मूठ मोजली. तेवढा पाइप भंगारात नव्हता. रविंद्र बारामतीला जाऊन घेऊन आला. दोन्ही बाजूंचा सगळा कठडा बदलला. उंचीही खाली आणली, वाकलेल्या माणसाच्या कोपरापर्यंत. जोतीरामला आता तो मांडीला लागत होता. तो म्हणाला, हा दवाखाना आपल्यासाठी न्हायच. मग म्हणाला, अजून तरी.


रविवार

प्रियाची मैत्रीण डॉक्टर उत्कर्षा बारामतीत प्रॅक्टिस करते. आतली मांडणी बरोबर आहे का, टेबल कुठं, बाज कुठं, उजेड कुठून, हे बघायला ती आली. रिकाम्या खोलीत हे कळणार नाही, ती म्हणाली, खरी माणसं हवीत. तेव्हा रविंद्रनं वस्तीत निरोप दिला.

माणसं आली. पत्र्याच्या सावलीत, उताराच्या कडेला ओळीनं बसली. कुणाचा गुडघा, कुणाचा खोकला, कुणाला काहीच नाही. प्रयागबाई शेळ्या घेऊनच आली.

रंगुबाई सगळ्यांच्या नंतर आली. इरकली लुगडं नेसून. कौसल्यानं ओळखलं, तेच होतं, दोन वर्षं घडी न मोडलेलं.

"जयभीम रंगू," प्रयागबाई म्हणाली, "लग्नाला चाललीस का?"

"तुला दाखवायला चाललीय डाक्टरकडं," रंगुबाई म्हणाली.

चपला काढल्या. रविंद्रनं मोबाइल काढला तर ती म्हणाली, खाली धर तो, माझ्या तोंडाकडं नको. त्यानं खाली धरला. म्हणून त्या व्हिडिओत तिचं तोंड नाही. पाय आहेत, भेगा पडलेले, आणि एक हात.

हात गेला. पाइप सापडला. बोटं वळली.

पाय.

हात सरकला. पाय. साहेबराव खालच्या बाजूला उभा होता, दोन्ही हात पुढं करून, बाळ चालायला लागलं की बाप उभा राहतो तसा. तिला ते कळलं असावं. न वळता ती म्हणाली, "तू सर मागं." तो सरला. मध्यावर ती थांबली, श्वास घेतला. कुणी तिला धरायला उठलं नाही. प्रयागबाई अर्धी उठली होती, तिला शेजारणीनं पदर ओढून खाली बसवलं.

दार आलं. चौकटीला हात लागला. रंगुबाई आत गेली.

साहेबरावनं तोंड पुसलं. हाताला ग्रीस होतं, ते गालाला लागलं.

आत उत्कर्षानं पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. दुसऱ्या दंडालाही बांधून बघितला. मग साहेबरावला आत बोलावून सांगितलं की दाब फार वाढलेला आहे, असाच राहिला असता तर एखाद्या सकाळी त्या उठल्याच नसत्या किंवा उठल्या तरी अर्ध्या अंगानं. जुन्या गोळ्या तिनं टेबलावर ओतल्या, पांढऱ्या, गुलाबी, आणि बाजूला सारल्या. नवी लिहून दिली. रंगुबाईनं विचारलं की ही कुठल्या रंगाची. उत्कर्षा हसली, म्हणाली, पिवळी.

व्हिडिओ गेला. प्रियाचा फोन आला तो संध्याकाळी. तिनं फोन कौसल्याकडं द्यायला सांगितला. मग म्हणाली, "आजीच्या अंगावर तेच लुगडं हाय ना?"


पाने

प्रयागबाई: आता ह्ये खोलताय कशापायी?

साहेबराव: जायचंय त्येला. बोटीनं.

प्रयागबाई: आन् आमी?

साहेबराव: ह्यो तितला हाय, मावशी. त्यांच्यासाठीच बनवलाय.

प्रयागबाई: बनवला हितं. चढली हितली म्हातारी. आता न्या म्हनं तिकडं. आमच्या गुडघ्यांनी काय पाप केलंय?

साहेबराव पाना हातात घेऊन उभा राहिला. बायका उतारावरून उठायला तयार नव्हत्या. एकीनं तर भाकरीचं गठुडं आणलं होतं. रविंद्र म्हणाला कंटेनर उद्या येणार. कुणी हललं नाही.

रंगुबाई घरातून आली. हातात पाटी. ती बायकांमधून वाट काढत उताराच्या पायथ्याशी गेली आणि मटकन खाली बसली, जिथं पहिला बोल्ट होता.

"प्रयाग," ती म्हणाली, "तितं बी कुणीतरी भिंत धरून बसली असंल की गं."

एवढंच. मग साहेबरावला, "काढ. मी धरते."

साहेबरावनं पाना लावला. बोल्ट सुटला. तिनं तो पाटीत टाकला, रॉकेलच्या फडक्यानं आधी पुसून. दुसरा सुटला. प्रयागबाई मग शेळ्यांचा दोर खुंटीला बांधून शेजारी येऊन बसली आणि म्हणाली की असं पुसतात का, गंज तसाच राहतोय, दे हिकडं. दुपारपर्यंत सगळ्या म्हाताऱ्या ओळीनं बसून नट-बोल्ट पुसत होत्या, शेंगा फोडायला बसल्यासारख्या, आणि डॉक्टरीण बाईच्या गोऱ्या हातांवर आणि ती लग्न कधी करणार यावर बोलत होत्या. पोत्यात भरताना जोतीरामनं शपथेवर सांगितलं की एवढे चकचकीत बोल्ट कारखान्यानंही बघितले नसतील.

कंटेनर गेला. आवारात चार चौकोनी खड्डे राहिले.

उरलेला बारीक पाइप साहेबरावनं बाजूला ठेवला होता. पुढच्या आठवड्यात तो आणि जोतीराम समाजमंदिरात गेले. पायऱ्यांच्या कडेनं उतार केला, कठडा लावला, पहिल्या पायरीच्या पुष्कळ आधी सुरू होणारा, खाली पुरलेला. उत्कर्षा आता महिन्यातून दोन रविवारी तिथं बसते. प्रयागबाई अजूनही पायऱ्यांवरूनच जाते आणि पाइप शेळ्या बांधायला वापरते.


मूठ

पावसाळा सरता सरता पिंपळीच्या शेडमध्ये पुढच्या दवाखान्यांचे पाय कापले जात होते. सगळे एका मापाचे. भिंतीवर कौसल्याचं खुरपं टांगलेलं. तिनं नवं घेतलं, हे परत मिळत नाही म्हणून. आवाज इतका, की फोन वाजला तो कुणाला कळलाच नाही. रंगुबाईनं ओसरीवरून हाक मारली तेव्हा रविंद्र आला.

प्रियानं व्हिडिओ पाठवला होता. साहेबराव काच डोक्यावर सारून आला, जोतीराम हात पुसत. फोन रंगुबाईच्या मांडीवर ठेवला आणि तिघं तिच्या मागं वाकले.

लाल माती. मोठं झाड, त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. झाडाखाली माणसं बसलेली. त्यांच्यापलीकडं तो दवाखाना. पत्रा पुढं ओढलेला, सावली पायथ्यापर्यंत.

एक म्हातारी आली. कमरेला रंगीत कापड गुंडाळलेलं, डोक्याला फडकं, कमरेत वाकलेली, गुडघ्यांतून बाहेर गेलेली. उताराच्या थोडी अलीकडं ती थांबली. शेजारच्या पोरीनं तिला धरायला हात पुढं केला, तो तिनं ढकलला.

थांबली.

"आता काय झालं?" जोतीराम म्हणाला.

"गप," रंगुबाई म्हणाली.

त्या बाईचा हात हवेत वर आला. थोडा हलला. शोधत होता. ओसरीवर रंगुबाईचा हातही मांडीवरून उचलला गेला होता, तिला माहीत नसताना, तेवढाच वर.

त्या बाईला पाइप लागला. बोटं वळली.

रंगुबाईची मूठ हवेतच मिटली, अर्धी, मधे पोकळी ठेवून.

"हां," ती फोनला म्हणाली. "आता पाय टाक."